उलटी किक, तापलेलं इंजिन आणि दोन चिमुकल्या स्प्रिंगा

पावसाळा सरला की शेडमधल्या जुन्या गाड्या बाहेर निघतात आणि आमच्याकडे पत्रांचा ढीग लागतो. या खेपेची बरीचशी पत्रं एकाच जागेभोवती फिरतात : सीबी पॉइंटच्या (ठिणगीसाठी कॉइलचा प्रवाह तोडणाऱ्या संपर्कांच्या) प्लेटखाली दडलेलं ऑटो अ‍ॅडव्हान्स. म्हणून हा अंक त्यालाच दिला आहे.

आधी थोडक्यात मूळ गोष्ट. पेट्रोल-हवेचं मिश्रण पेटून पूर्ण जळायला थोडा वेळ लागतो. किक मारताना इंजिन हळू फिरतं, तेव्हा ठिणगी उशिरा, म्हणजे पिस्टन माथ्याच्या अगदी जवळ आल्यावर पडलेली बरी. वेग वाढला की तीच ठिणगी लवकर पडायला हवी. ठिणगी लवकर पाडणं म्हणजे अ‍ॅडव्हान्स, उशिरा पाडणं म्हणजे रिटार्ड. हे काम दोन वजनं करतात. शाफ्ट जोरात फिरला की ती बाहेर फेकली जातात आणि पॉइंट उघडणाऱ्या कॅमला पुढे ढकलतात. वेग उतरला की दोन स्प्रिंगा त्यांना परत आत ओढतात.

प्रश्न : माझी १९७८ ची बुलेट ३५० आहे, ६ व्होल्टची. चार महिने सोसायटीच्या पत्र्याखाली उभी होती. आता चार किकमागे एक तरी उलटी बसते. घोटा सुजला आहे. चालू झाली तर आयडलिंग वर-खाली होतं आणि थ्रॉटल सोडला तरी इंजिन लगेच उतरत नाही. मेकॅनिकने नवे पॉइंट आणि कंडेन्सर टाकले. फरक शून्य. — एक वाचक, कोपरी, ठाणे (पूर्व)

उत्तर : घोटा बरा होईपर्यंत किकला हात, खरं तर पाय, लावू नका. उलट्या किकने माणूस तर दुखावतोच, किकचं रॅचेटही दात गमावतं. तुम्ही सांगितलेली तिन्ही लक्षणं एकाच दिशेला बोट दाखवतात : वजनं बाहेर गेली आहेत आणि पूर्ण परत येत नाहीत. त्यामुळे किकच्या वेगालाही ठिणगी लवकर पडते, इंजिन उलटं झटकतं आणि किक पायावर आपटते. पॉइंट-कंडेन्सर बदलून फरक पडला नाही यात नवल नाही, कारण दुखणं त्यांच्याखाली आहे.

खात्री करायला पाना लागत नाही. इग्निशन बंद ठेवून पॉइंटचं झाकण काढा. मधला कॅम चिमटीत धरून हलका पिळा. एकाच बाजूला तो थोडा सरकेल आणि हाताला स्प्रिंगचा ताण जाणवेल. सोडा. चांगल्या युनिटमध्ये तो ‘टक्’ करून जागेवर बसतो. तो आळसावून परत येत असेल, मध्येच थांबत असेल किंवा बोटाने ढकलावा लागत असेल, तर सर्व्हिसिंगशिवाय गत्यंतर नाही.

बॅटरीची एक वायर सोडा. मोबाइलवर दोन-तीन फोटो काढा, विशेषतः पॉइंटच्या पट्टीखाली येणाऱ्या फायबर वायसरांचे. त्यांचा क्रम चुकला की पॉइंट कायमचे बॉडीला शॉर्ट होतात आणि ठिणगीच येत नाही. प्लेट आणि बॉडी यांवर मिळून सुईने एक ओरखडा मारा, म्हणजे प्लेट नंतर त्याच जागी बसवता येईल. प्लेट निघाली की कॅमच्या माथ्यावरचा स्क्रू सोडायचा. पण कॅम उपसण्याआधी कॅम आणि खालचा शाफ्ट यांवर नेलपॉलिशचा एकेक ठिपका समोरासमोर द्या. कॅम १८० अंश उलटा बसला तर ठिणगी कॉम्प्रेशनऐवजी एक्झॉस्टच्या वेळी पडेल. गाडी फक्त सायलेन्सरमधून फटाके फोडेल आणि तुम्ही दिवसभर कार्ब्युरेटरमध्ये दोष शोधत बसाल.

आता स्प्रिंगा. त्या चिमट्याने ओढून काढू नका, आकडा वाकतो. बारीक स्क्रू ड्रायव्हरने आकडा खुंटीवरून अलगद वर उचला. वजनांवर बारीक क्लिपा असतील तर त्यांवर बोट ठेवूनच काढा, कारण फरशीवर उडालेली क्लिप शनिवारची सगळी दुपार खाते. सगळं एका झाकणात, वजनं डावी-उजवी ओळखता येतील अशी ठेवा.

कप-अर्धा कप पेट्रोल आणि जुना टूथब्रश एवढ्यात सफाई होते. हे उघड्यावर करा, जवळ ज्योत नको. घाण निघाली की बहुतेक वेळा खरा चोर दिसतो : शाफ्टचा वरचा भाग, ज्यावर कॅम फिरतो, तिथे तपकिरी गंज किंवा जुन्या ग्रीसचा डिंकासारखा थर. तुमची गाडी चार महिने उभी होती, तेव्हा गंज असणार यावर आम्ही पैज लावू. १२०० नंबरचा पॉलिश पेपर तेलात भिजवून दोन बोटांत गुंडाळा आणि फक्त गंज निघेपर्यंत फिरवा. धातू खाल्ला गेला तर कॅम डगडगेल आणि नवं दुखणं सुरू होईल. कॅमच्या आतली नळी आगपेटीच्या काडीला कापूस गुंडाळून पुसा. तेल न लावता कॅम शाफ्टवर बसवून पाहा. तो स्वतःच्या वजनाने खाली उतरायला हवा आणि बाजूला हलता कामा नये.

दोन्ही स्प्रिंगा शेजारी ठेवून बघा. वेटोळी एकमेकांना चिकटलेली आहेत का? एकीत फट दिसत असेल तर ती ताणली गेली आहे. आकडे झिजून पातळ झालेत का? बदलायच्या तर जोडीने आणि त्याच युनिटच्या. बॉलपेनची स्प्रिंग कापून लावलेली युनिटं आमच्याकडे दर वर्षी येतात. ती गाडी चालू होते, पण अ‍ॅडव्हान्स कुठल्या वेगाला किती मिळतो हे देवच जाणे. नरम स्प्रिंगने आयडलिंगलाच वजनं उघडतात, त्यामुळे इंजिन वाढतं, वाढल्यामुळे ती आणखी उघडतात, आणि तुम्ही लिहिता तसा वर-खाली खेळ सुरू होतो. वजनांची भोकं अंडाकृती झाली असतील तर मात्र नुसत्या स्प्रिंगांनी भागणार नाही, पूर्ण युनिट बदला.

बसवताना प्रत्येक खुंटीवर शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब आणि शाफ्टवर तेलाचा पातळ हात. जाड ग्रीस नको. ते थंडीत घट्ट होतं, गरमीत उडून पॉइंटवर बसतं. ग्रीस लागतं ते फक्त कॅमच्या पाठीवर, जिथे पॉइंटची टाच घासते, आणि तेही तांदळाच्या दाण्याएवढं.

यापुढे क्रम मोडू नका. आधी गॅप (पॉइंटच्या दोन तोंडांमधली फट), मग टायमिंग (ठिणगी पडायची वेळ). गॅप बदलला की टायमिंगही सरकतं : गॅप वाढवला तर पॉइंट लवकर उघडतात, कमी केला तर उशिरा. टाच कॅमच्या सगळ्यात उंच जागी आणून गॅप ०.३५ ते ०.४० मिलिमीटर ठेवा. फिलर गेजची पाती हलकी अडकत सरकली पाहिजे, ओढावी लागू नये.

बुलेट ३५० चं टायमिंग, वजनं पूर्ण आत असताना, पिस्टन माथ्याला पोचायच्या ०.८ मिलिमीटर आधी. पण प्लगच्या भोकातून सळई घालून हे ०.८ मोजू नका. बुलेटचा प्लग तिरका बसतो, त्यामुळे सळईचं माप आणि पिस्टनची खरी चाल एक येत नाही. ९० मिलिमीटरच्या स्ट्रोकला ०.८ म्हणजे क्रँकचे सुमारे १० अंश. प्रायमरी कव्हर उघडून क्रँकच्या टोकाला अंशांची चकती लावणं हाच सरळ मार्ग. जुन्या प्लगची चिनीमाती फोडून त्यात गोल टोकाचा बोल्ट बसवला की पिस्टन अडवायचा स्टॉप तयार होतो. इंजिन टॉप गिअरमध्ये मागच्या चाकाने हळू फिरवा, पिस्टन स्टॉपला टेकला की आकडा वाचा. उलट दिशेने फिरवून पुन्हा टेकवा. दोन आकड्यांचा मध्य म्हणजे माथा. बोल्ट जेमतेम पुढे आलेला हवा. वाटेत कुठे वेगळीच अडचण लागली तर जोर लावू नका, तो व्हॉल्व्ह असू शकतो.

माथा सापडला की स्टॉप काढा. बुलेटच्या हेडलाइटवरचा अ‍ॅमीटर इथे फुकटचं यंत्र होतो. इग्निशन चालू करून चाक हळूहळू फिरवा. पॉइंट मिटलेले असताना काटा डिस्चार्जकडे झुकलेला राहतो. ज्या क्षणी पॉइंट सुटतात, त्या क्षणी तो मध्यावर उडी मारतो. कॉम्प्रेशनवर चकतीने १० अंश दाखवले असताना ही उडी पडायला हवी. न पडल्यास डिस्ट्रिब्युटरचे, म्हणजे पॉइंट ज्यात बसतात त्या डबीचे, फ्लँजचे नट ढिले करून तिची बॉडी फिरवा : कॅमच्या फिरण्याविरुद्ध दिशेने नेली की अ‍ॅडव्हान्स, बरोबरच्या दिशेने नेली की रिटार्ड. पॉइंट मिटलेले ठेवून इग्निशन चालू विसरू नका, कॉइल तापते आणि ६ व्होल्टची बॅटरी लगेच उतरते.

एक राहिलं. तुमच्या मेकॅनिकने पॉइंट टाकताना टायमिंगही ‘बघितलं’ असेल, आणि तेव्हा कॅम अर्धवट पुढे अडकलेला असेल, तर त्याने सगळं त्या चुकीच्या जागेशी जुळवलं. आता कॅम मोकळा झाला की तेच टायमिंग रिटार्ड निघेल. म्हणून जुन्या खुणांवर विसंबू नका. नव्या पॉइंटची टाच सुरुवातीला झिजते, तेव्हा ५०० किलोमीटरनंतर गॅप पुन्हा बघा.

प्रश्न : माझी बुलेट पहिल्या किकला सुरू होते, पण पाम बीच रोडला ६० च्या पुढे ओढतच नाही. सायलेन्सरचा पाइप इंजिनजवळ निळा झाला आहे. कार्ब्युरेटर दोनदा खोलून झाला. — एक वाचक, ऐरोली

उत्तर : सहज सुरू होते आणि वर ओढत नाही, हे वरच्या पत्राच्या बरोबर उलटं चित्र. वजनं बाहेर जात नाहीत किंवा पुरती जात नाहीत. ठिणगी उशिरा पडते, जळणं एक्झॉस्टपर्यंत लांबतं, ताकद पिस्टनऐवजी पाइपला मिळते. कॅम चिमटीत पिळून बघा. हलतच नसेल तर गंजला आहे. हलतो पण फार कडक आहे, तर कोणीतरी दुसऱ्या गाडीच्या जाड स्प्रिंगा घातल्या आहेत. कॅम ठीक असेल तर पॉइंटचा गॅप बघा, टाच झिजून तो ०.२ वर आला की टायमिंग आपोआप मागे जातं.

मात्र पाइप निळा होण्याला पातळ मिश्रणही (पेट्रोल कमी, हवा जास्त) कारणीभूत असतं. कार्ब्युरेटर आणि सिलिंडर यांच्या जोडावर हवा खेचली जात नाही ना, ते कार्ब्युरेटर तिसऱ्यांदा खोलण्याआधी बघा.

तुम्ही पत्रात विचारलं आहे की टायमिंग लाइट पॉइंटच्या कॅमवर मारली तर अ‍ॅडव्हान्स दिसेल का. नाही दिसणार, आणि इथे भलेभले फसतात. लाइट पेटते ती पॉइंट उघडतात तेव्हा, आणि पॉइंट उघडतात ते कॅम एका ठरावीक जागी आल्यावर. त्यामुळे वजनं उघडोत वा न उघडोत, लाइटमध्ये कॅम कायम त्याच जागी गोठलेला दिसतो. अ‍ॅडव्हान्स बघायचा तर खूण क्रँकवर हवी. बुलेटला त्यासाठी तेलाने भरलेलं प्रायमरी कव्हर उघडं ठेवून इंजिन चालवावं लागतं. ते काम घरी करू नका.

प्रश्न : येझदी २५० मध्ये अ‍ॅडव्हान्सची वजनं सापडत नाहीत. आधीच्या मालकाने काढून टाकली का? — एक वाचक, खारघर

उत्तर : कोणी काही काढलेलं नाही. या टू-स्ट्रोकला वेगानुसार बदलणारा अ‍ॅडव्हान्स नाहीच, टायमिंग एकच आणि कायमचं. राजदूत ३५० लाही तसंच. तुमच्या गाडीत पॉइंटचा गॅप ०.४ मिलिमीटर ठेवा. कॅम आर्मेचरच्या (डायनॅमोच्या फिरणाऱ्या भागाच्या) टोकाला आहे आणि आर्मेचर थेट क्रँकवर बसलं आहे, म्हणून मेन बेअरिंग झिजलं की आर्मेचर डुलतं आणि गॅप प्रत्येक फेरीत बदलतो. आर्मेचर बोटाने वर-खाली दाबून बघा. गॅपमध्ये फरक दिसला तर पॉइंट बदलून उपयोग नाही.

प्रश्न : वडिलांनी ठेवलेली बीएसए एम२० आहे. हँडलवर इग्निशनचा वेगळा लिव्हर आहे. तो कधी कुठे ठेवायचा हे आता घरात कुणाला ठाऊक नाही. — एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : दुसऱ्या महायुद्धात लष्करासाठी बनलेली ही साइड व्हॉल्व्ह ५०० सीसी गाडी. इथे वजनांचं काम चालवणाऱ्याच्या अंगठ्याला करायचं असतं. लिव्हरची वायर मॅग्नेटोतली (बॅटरीशिवाय ठिणगी देणाऱ्या यंत्रातली) कॅम रिंग थोडी मागे-पुढे फिरवते.

काही गाड्यांत वायर ताणली की अ‍ॅडव्हान्स होतो, काहींत सैल सोडली की. तुमच्या गाडीचं काय ते इंजिन सांगेल : आयडलिंगला लिव्हर एका टोकाला नेला की आवाज जड होऊन इंजिन मंदावतं, ते टोक रिटार्डचं. किक मारताना लिव्हर अर्ध्याहून थोडा रिटार्डकडे ठेवा, पूर्ण रिटार्डला मात्र नको. इंजिन गरम झालं की पूर्ण अ‍ॅडव्हान्स. गायमुखच्या चढाला किंवा येऊरला जाताना इंजिनातून टकटक ऐकू आली तर लिव्हर जरा मागे घ्या, चढ संपला की पुढे. लिव्हर रिटार्डला ठेवूनच फिरलात तर ऐरोलीच्या वाचकासारखा पाइप निळा होईल.

मॅग्नेटोचं झाकण काढून लिव्हर हलवा आणि रिंग खरोखर फिरते का ते डोळ्यांनी बघा. बहुतेकदा लिव्हर फिरतो, पण वायर आवरणात गंजलेली असते आणि रिंग जागची हलत नाही. रिंग मोकळी नसेल तर काढून पुसा, तेलाचा हात लावा आणि तिच्या फेल्टला दोन थेंब तेल द्या. मॅग्नेटोचा गॅप बुलेटपेक्षा कमी, ०.३० मिलिमीटर. टायमिंग लावताना लिव्हर पूर्ण अ‍ॅडव्हान्सला ठेवायचा आणि पिस्टन माथ्याच्या ७/१६ इंच, म्हणजे सुमारे ११ मिलिमीटर आधी असताना पॉइंट सुटायला हवेत. बुलेटचं माप पूर्ण रिटार्डला, एम२० चं पूर्ण अ‍ॅडव्हान्सला, हा घोळ करू नका. एकाचं माप दुसऱ्या पद्धतीने लावून तडकलेला पिस्टन मिळतो.

प्रश्न : माझ्या १९७२ च्या गाडीला पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक किट लावावं का? पॉइंटची कटकट कायमची जाईल असं विक्रेता म्हणतो. — एक वाचक, नेरुळ

उत्तर : पॉइंटची जाईल. अ‍ॅडव्हान्सची जाईलच असं नाही, आणि विक्रेते नेमकं तेवढंच सांगत नाहीत. बाजारातल्या बऱ्याच किटमध्ये पॉइंटच्या जागी सेन्सर आणि कॅमवर चुंबक येतं, पण खालची वजनं तीच जुनी राहतात. ती अडकत असतील तर नव्या किटलाही उलटी किक बसणार. वजनं पूर्ण बाद करून अ‍ॅडव्हान्स स्वतः ठरवणारी किटं वेगळी मिळतात. विकत घेण्याआधी हा एक प्रश्न विचारा.

दुसरं, बॅटरी. मरगळलेल्या बॅटरीवर पॉइंट कशीबशी ठिणगी देतात. इलेक्ट्रॉनिक युनिट ठरावीक व्होल्टेजखाली गप्प बसतं. किट ६ व्होल्टचं की १२ चं, आणि गाडीची बॉडी बॅटरीच्या कुठल्या टोकाला जोडली आहे, हे तपासा. जुन्या ब्रिटिश गाड्यांत बहुधा पॉझिटिव्ह टोक बॉडीला असतं. उलटं जोडलं की किट जळतं. कॉइलचा रोधही किटच्या कागदाशी जुळवा. १२ व्होल्टची साधी पॉइंटची कॉइल ३ ते ४ ओहमची असते.

गाडीने पन्नाशी ओलांडली आहे, तेव्हा पुढे व्हिंटेज नोंदणीचा विचार असेल तर २०२१ चा केंद्राचा नियम लक्षात ठेवा : गाडी मूळ रूपात हवी, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठे बदल नकोत. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. किट लावलंच तर बॉडीला नवं भोक पाडावं लागणार नाही असं घ्या आणि काढलेली पॉइंटची प्लेट, कॅम, स्क्रू एका डब्यात तेल लावून ठेवा. आमचं मत विचाराल तर वजनं चांगली असतील तर पॉइंटच ठेवा. रस्त्यात बंद पडली तर एक स्क्रू ड्रायव्हर आणि पॉलिश पेपरचा तुकडा घेऊन ती घरी आणता येते.

प्रश्न : घणसोलीला खाडीजवळ राहतो. दर पावसाळ्यात पॉइंटवर पांढरट-हिरवट थर येतो. — एक वाचक, घणसोली

उत्तर : खाडीवरची खारी, दमट हवा आणि गरम इंजिन गार होताना झाकणाच्या आत जमणारं पाणी, दोन्ही मिळून हे होतं. झाकणाचं गॅस्केट दर वर्षी बदला. कागदाचं घरी कापता येतं. झाकणाला तळाशी मूळचं पाणी निघायचं भोक असेल तर ते सीलंटने बुजवू नका. आत शिरलेल्या पाण्याला तीच एक वाट असते. गाडी उभी करण्याआधी पॉइंटच्या तोंडांमध्ये स्वच्छ कागदाची पट्टी ओढून तेलाचा डाग काढा, वजनांच्या खुंट्यांवर मात्र तेलाचा थेंब असू द्या. आठवड्याला एकदा दहा-पंधरा मिनिटं चालवा. नुसती दोन मिनिटं सुरू करून बंद केली तर आत पाणी उलट जास्त धरतं. आणि पॉइंट घासूनही आठवड्यात काळे पडत असतील, उघडताना त्यांच्यात मोठी निळी ठिणगी दिसत असेल, तर दोष हवेचा नाही, कंडेन्सरचा आहे. तो ०.१८ ते ०.२५ मायक्रोफॅरडच्या दरम्यान मोजला जायला हवा.